डिस्कचा प्रकार मी सांगितला

...आणि वर ते कॉम्प्युटर म्हणतं काय, तर ‘प्रकार चुकीचा, किंवा पर्याय चुकीचा, किंवा डिस्क खराब, किंवा आणखी काही’! अहो, हे काय निदान झालं? पोट धरून डॉक्टरकडे जावं आणि त्यानं म्हणावं, अपचन असेल, नाहीतर हृदय असेल, नाहीतर आणखी काही, या आता... तुम्हाला सांगतो, त्या जुन्या डिस्कमध्ये शेवाळांवरचं माझं आख्खं पुस्तक, निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्यात गेलेली, दुसरी प्रत नाही, आणि प्रकाशकाला ते आजच्या आज हवं. म्हणजे, हवंय असं आपलं मला वाटत होतं.

सूनबाई कॉम्प्युटरवाली. तिनं बजावून ठेवलेलं, बाबा, डिस्क लावा, माउंट करायची, म्हणजे जोडून घ्यायची, आज्ञा द्या, उघडेल. पण माझा जन्म गेला वर्गीकरणात! डिस्कवर फायली मांडायच्या पद्धती अनेक असतात, हे वाचलेलं. म्हटलं, आपली कुठली ते यंत्राला सांगावं, तेवढीच त्याला मदत. आणि सांगितली ती नेमकी दुसरीच. मी कशाला सांगायला गेलो?

कारण तुम्ही गप्प राहिलात, तर ते यंत्र स्वतः डिस्क चाचपतं, खुणा बघतं, प्रकार ओळखतं. पण एकदा तुम्ही सांगितलात, की त्याची अक्कल रजेवर! साहेब म्हणाले ना, मग तेवढंच करून बघायचं, जमलं नाही की हात वर. खरं उत्तर समोर असलं तरी तिकडे ढुंकून बघणार नाही. आमच्या कॉलेजात अशा माणसाला प्राचार्य करत.

बायको म्हणे, “या घरात तुमचं शब्दशः ऐकणारं कुणीतरी निघालं, आणि तरी तुमची कुरकुर.”

मी धरूनच चाललो, डिस्कच खराब. प्रकाशकाला फोन लावला, म्हटलं, डिस्क गेली, पुस्तक गेलं. तर तो लगेच, गहिवरून, “अरेरे... जाऊ द्या सर, मनाला लावून घेऊ नका.” इतक्या तत्परतेनं? मी कशाला सांगायला गेलो?

सूनबाई आली, मी लिहिलेला प्रकार खोडला, बाकी आज्ञा तशीच दिली. उघडली! सगळी शेवाळं जागच्या जागी.

“डिस्क ठणठणीत आहे, बाबा. तुम्ही फक्त गप्प बसायचं होतं.”

पुन्हा प्रकाशकाला फोन. म्हटलं, सापडलं हो पुस्तक! तर तो हळूच म्हणतो, “नक्की उघडली, सर? नाही... जुनी डिस्क, काय भरवसा. सावकाश परत एकदा बघा.”

म्हटलं, बघतो.