डाव्या कोपऱ्यातली बॅग

— नाही, नाही, तुमच्या कामाला नावं ठेवायला नाही आले मी. एवढंच म्हणणं की तो डावा कोपरा जरा जास्तच उजळलाय. पुन्हा लावा बघू. मला ह्या मशीनमधलं ओ की ठो कळत नाही, मान्य, पण त्या सिनेमात मी आहे हो, आणि तो काढणारा माझा सख्खा धाकटा भाऊ आहे — जगासाठी मोठा दिग्दर्शक असेल, त्याचं नाक मी पुसलंय — तेव्हा एवढं बोलायचा अधिकार असावा मला. बसते. नको, उभीच बरी, बसलं की गुडघे धरतात. काल तुम्ही आम्हा नातेवाइकांना ह्या जुन्या सिनेमाची ही साफ केलेली प्रत दाखवलीत ना, तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही.

हां, हाच प्रसंग. मी शर्टाच्या घड्या घालतेय, खिडकीतून ऊन येतंय. किती बारीक होते बघा. त्याचा पहिलाच सिनेमा, खिसा रिकामा, नटी कुठून आणणार — म्हणून ताई. मी टेलिफोन कचेरीत कामाला, रजा टाकून आले. म्हणाला, तुला काही करायचं नाही, घरात वावरतेस तशी वावर. आणि इथं — इथं मान वळते बघा माझी. इथं तो कॅमेऱ्यामागून म्हणतोय, ताई, गावाकडे आईचं काही खरं नाही, निघायला हवं. तो आवाज नंतर काढून टाकला. मी त्याच्याकडे बघतेय आणि हात मात्र बाही दुमडतातच आहेत. ह्या हातांवर लोकांनी काय काय लिहिलंय. अभिनय म्हणे. कसला अभिनय, हात आपले चालू होते, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं थांबायला.

तर हकिगत सगळ्यांना पाठ आहे. तो प्रत्येक मुलाखतीत सांगतो, मीही सांगते — कॅमेरा चालू असतानाच खालच्या दुकानात फोन आला, तो धावत जाऊन निरोप घेऊन आला, कॅमेरावाला गोंधळला आणि बंद करायचंच राहून गेलं. झालं. आणि त्यावर माझी भर ठरलेली — एवढ्या गडबडीतसुद्धा माझ्या भावाने माझी बॅग भरली, शाल घेतली, चष्म्याचं घरसुद्धा विसरला नाही. लोक हळहळतात अगदी. उद्या ही प्रत लोकांना दाखवायच्या आधी स्टेजवर मला तेच सांगायला बोलावलंय, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसवून.

थांबवा. मागे घ्या थोडं — हां. आता सांगा, दाराजवळच्या स्टुलावर काय आहे? बॅग. वर शाल, शालीवर चष्म्याचं घर. आणि मी? मी अजून वळलेसुद्धा नाहीये. मला काही माहीतच नाहीये. खोलीत आम्ही तिघंच — मी, तो आणि कॅमेरावाला. मग बॅग कुणी भरली? जुन्या प्रतीत इथं नुसता काळोख होता. विद्वानांनी त्या काळोखावर लेख पाडलेत, म्हणे नियती दबा धरून बसलीय. नियती कसली, माझी बॅग.

गावाकडे जाणारी दुपारची एक गाडी होती हो. आम्ही गेलो संध्याकाळच्या गाडीने. पोचलो तेव्हा आईला जाऊन तासच झाला होता. मावशी म्हणाली, सारखी दाराकडे बघत होती. मी म्हटलं, नशीब. इतकी वर्षं नशिबाला बोल लावला. फोन सकाळीच आला असणार — आणि हे ऊन त्या खिडकीत दुपार कलल्यावर यायचं, रोज थांबायचा तो त्याच्यासाठी. उन्हासाठी थांबला. बॅग भरली, शालीची घडी घातली, आणि मला सांगायला उन्हाची वाट बघत बसला. नुसता दुष्ट असता तर मी काल रात्रीच चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण दुष्ट माणसाला चष्मा आठवतो का? तिथंच तर अडतंय माझं.

ते जाऊ द्या. मी हे कशाला सांगतेय तुम्हाला? तुम्ही तेवढा कोपरा काळा करा, होता तसा. कळतंय मला, हजार माणसं बघतील आणि एकाचंही तिकडे लक्ष जायचं नाही. पण त्याचं जाईल. काल तो आला नव्हता, दमलोय म्हणाला. उद्या बॅग दिसली की तो माझ्याकडे बघणार, आणि मला तोंड लपवता येत नाही — ह्या सिनेमात दुसरं आहे तरी काय? मी गिळीन हो माझ्यापुरतं. आम्ही दोघंच राहतो एका घरात, त्याचे हात थरथरतात, सकाळी शर्टाची बटणं मी लावून देते. परवाही लावायचीत मला. रागाने थरथरणारे दोन हात आणखी कशाला त्यात?

का हो, हात का आखडला? करा ना काळं. त्याला विचारायला हवं? मी सांगते ना, त्याची काही — काय म्हणालात? इथं आला होता? कधी? सोमवारी तर तो मला डॉक्टरकडे जातो म्हणाला. एकटाच? ह्याच खुर्चीत.

म्हणजे मूळ फिल्मवर बॅग होतीच दिसत. आणि तेव्हा प्रती काढताना काळं करायला त्यानेच सांगितलं होतं — असं त्यानेच सांगितलं तुम्हाला. आणि आता त्यानेच — आणखी उजळ म्हणाला? चष्म्याचं घर दिसेपर्यंत?

"ताईला दिसलं पाहिजे." असंच म्हणाला? हेच शब्द?

तुम्ही जरा बाहेर जाता का? नाही, ते बंद नका करू. राहू दे तसंच. जा तुम्ही.