दाढीची परतफेड

…नाही नाही, समाजसेवेला माझा विरोध नाहीच, प्रत्येक दुकानदारानं करावी, पण त्या बदल्यात कुणी आपल्या गळ्यावर वस्तरा ठेवावा का, एवढंच मला विचारायचंय! हसू नका. अगदी खरा वस्तरा म्हणतोय मी, आणि हा असा, इथं, कंठाच्या खाली… तुम्हाला सांगतो, मी भित्रा माणूस नाही, पण गळा माणसाला एकच असतो.

झालं काय, माझं सलून आहे, दोन खुर्च्यांचं. आमची ही एक दिवस म्हणाली, "समोरचा चष्मेवाला शाळेतल्या मुलांचे डोळे फुकट तपासतो, बेकरीवाला अनाथाश्रमात पाव पाठवतो, आणि तुम्ही सुट्टीच्या दिवशी पंख्याखाली घोरता." बरं, बोलून थांबली असती तर… पण नाही! दुकानावर हा एवढा फलक: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वृद्धाश्रमात मोफत दाढी-कटिंग. आता फलक लागला की माघार कशी घेणार? गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं रे टेकलं की विचारतं, जाऊन आलात ना या सोमवारी?

सुरुवात छान झाली, खोटं कशाला बोलू. व्हरांड्यात ओळीनं सगळे बसलेले, एक निवृत्त मास्तर, एक शिंपी, एक दातांचे डॉक्टर, ते आपले मी हसलो की माझ्या तोंडात डोकावून बघायचे, आणि सगळ्यात शेवटी एक आजोबा. त्यांची दाढी केली, तुरटी फिरवली, तर ते उठले, माझा खांदा धरला आणि म्हणाले, "आता तू बस. पन्नास वर्षं मी हाच धंदा केला. फुकट कुणाचं घेतलं नाही. तू माझी केलीस, मी तुझी करतो."

मी त्यांचा हात बघितला हो! थरथरतोय! म्हणजे साधासुधा नाही, ब्रश उचलला तर फेस शेजारच्या मास्तरांच्या चष्म्यावर… आणि त्या हातात वस्तरा? म्हटलं, आजोबा, राहू द्या, मी सकाळीच केलीय. त्यांनी माझ्या गालावरून उलटा हात फिरवला आणि म्हणाले, खोटं बोलतोस. आता धंद्यातल्या माणसाला काय थापा मारणार? भित्रा नाही हो मी… पण गळा एकच!

मग मी डोकं चालवलं. वस्तऱ्यात पातं असतं ना, ते गुपचूप काढून खिशात टाकलं. म्हटलं, फिरवा आता किती फिरवायचाय तो! ऐटीत बसलो, डोळे मिटले. आजोबांनी एक हात मारला… दुसरा मारला… आणि थांबले. म्हणाले, आवाज नाही. कसला आवाज? तर केस कापल्याचा. खरंच हो, पातं गालावरून गेलं की बारीक खरखर होते, आमच्या कानांना सवय असते तिची. माझी पाठ घामानं भिजली. त्यांनी वस्तऱ्यावरून बोट फिरवलं, तो मिटला, माझ्या हातात दिला. एखादी शिवी तरी हासडायची! नाही. एवढंच म्हणाले, "म्हणजे तू मला भीक घालत होतास." आणि आत निघून गेले.

पुढच्या महिन्यात गेलो, तर एकही जण खुर्चीत बसेना. मास्तर, शिंपी, डॉक्टर, सगळे महिन्याच्या दाढ्या घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलेले. आणि आजोबा… पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या हनुवट्या गुळगुळीत ठेवणारा माणूस, त्याच्या स्वतःच्या गालावर पांढरं जंगल. मी सगळ्यांसमोर नवं पातं काढलं, त्याचा कागद सोडला, वस्तऱ्यात बसवलं आणि खुर्चीत बसलो. म्हटलं, करा. पाय असे लटपटत होते की खुर्चीचा ढिला नट वाजायला लागला. व्यवस्थापक बाईंनी प्रथमोपचाराची पेटी आणून माझ्याच मांडीवर ठेवली!

तुम्हाला वाटलं असेल, वस्तरा गालाला लागला आणि हात स्थिर झाला? छे, ते सिनेमात. इथं तीन ठिकाणी कापलं. पण गळ्याशी आल्यावर आजोबा थांबले, माझ्या खांद्यावर कोपर रोवलं, श्वास धरला… मीही धरला… अख्ख्या व्हरांड्यानं धरला… खर्र… खर्र… झालं! मग तुरटी लावून ते समोर बसले, मान वर केली आणि डोळे मिटले. म्हणाले, आता माझी कर. मी वस्तरा उचलला, तर माझाच हात थरथरत होता.

तेव्हापासून दर महिन्याला हे असं. शेजारी विचारतात, तोंडाला काय झालं? मी म्हणतो, समाजसेवा. होईल सवय. पण आज सकाळी त्या बाईंचा फोन. म्हणाल्या, आजोबांचं बघून बाकीच्यांनीही ठरवलंय, आम्हालाही फुकट नको. शिंपी सदरा शिवणार. शिवू द्या. मास्तर माझं अक्षर सुधारणार. सुधारू द्या. "आणि दातांचे डॉक्टर म्हणालेत, तुमची एक दाढ किडलीय. उजवी की डावी ते आठवत नाही, पण सुरुवात केली की कळेल."

जाणार, दुसरं काय करणार, फलक आहे ना! मी आपली मनाची समजूत घातलीय… गळा एकच असतो, दात निदान बत्तीस तरी आहेत.