उत्सवमूर्ती

प्रतिभा : हर्षल, लॅपटॉप जरा उंच कर ना. आईची नुसती हनुवटीच दिसतेय.

हर्षल : खाली चार जाड पुस्तकं लावलीत, ताई, अजून किती उंच करू? आई, मागे सरक. अजून थोडी. हां, बस आता तशीच.

सुमनबाई : ही टोपी काढू का रे? रबर रुततंय गळ्याला.

प्रतिभा : मुळीच नाही हं! पंच्याहत्तरी काय रोज येते? आम्ही पण घातल्यात बघ इकडे पुण्यात. दीपकने तर तिकडे अबूधाबीत घातलीय. ए दीपक, हात हलव. बघ आई, हलवला तुझ्या लेकाने.

सुमनबाई : तू येणार होतीस ना गं आज? मी सकाळपासून लुगडं बदलून बसले.

प्रतिभा : अगं, आले असते तर स्वयंपाकातच दिवस गेला असता. असं कसं निवांत, सगळे एकत्र! बरं, आता गेम. 'आईला कोण ओळखतं?' मी प्रश्न विचारणार, हर्षल तोंडी सांगणार, दीपक चॅटमध्ये लिहिणार. हरेल त्याने नाचून दाखवायचं.

सुमनबाई : मग मी काय करू?

प्रतिभा : तू उत्सवमूर्ती. तू फक्त हसायचं. पहिला प्रश्न! आईचा सगळ्यात आवडता पदार्थ?

हर्षल : पुरणपोळी!

प्रतिभा : करेक्ट! दीपकनेही तेच लिहिलंय.

सुमनबाई : मला नाय आवडत पुरणपोळी. ती तुमच्या बापाला आवडायची.

हर्षल : आई, तू खेळात नाहीस.

प्रतिभा : असू दे रे, विसरते ती आता.

सुमनबाई : इसरत नाय मी. नागलीची भाकर आन् लसणाची चटणी. ह्या घरात आल्यापासून एकदा बी खाल्ली नाय.

प्रतिभा : दोघांना एकेक पॉइंट! प्रश्न दुसरा. आईची जिवाभावाची मैत्रीण कोण?

हर्षल : त्या समोरच्या फ्लॅटमधल्या... काय बरं त्यांचं नाव...

सुमनबाई : चतुरा. आमच्या कळवणची. पंचवटीच्या भाजीबाजारात माल घेऊन यायची तवा भेटायचो आम्ही.

हर्षल : हो, आणि एके दिवशी कुणाला न सांगता एकटी रिक्षा करून गेली ही, ताई. केवढी शोधाशोध करावी लागली आम्हाला! माहितीये ना तुला.

सुमनबाई : मी हरवले नव्हते. गप्पा मारत बसले होते.

प्रतिभा : ओके, ओके, भांडू नका रे बर्थडेला. तिसरा, एकदम सोप्पा. आई दुपारभर काय करते?

हर्षल : टीव्ही. मालिका. एकामागून एक.

सुमनबाई : दाराशी बसते.

हर्षल : आई.

सुमनबाई : दाराशीच बसते मी. त्या दिवसापासून हा आन् सूनबाई कामावर निघाले का बाहेरून कुलूप लावतात. परवा शेगडीच्या गॅसचा वास घरभर पसरला. लय भ्याले मी. दार बडवून बडवून हात सुजले. समोरची बाई बाहेरून म्हणती, 'मावशी, चावी नाही हो आमच्याकडे.' प्रतिभा, मला घेऊन जा गं इथून. तुझ्याकडं अडचण होत आसंल तर कळवणला सोड. चतुरा ठेवून घेईल मला, बोललीय ती.



प्रतिभा : हॅलो? आई? तुझा आवाज येत नाहीये.

सुमनबाई : म्हणलं, मला घेऊन जा.

प्रतिभा : नाही गं, नुसते ओठ हलताहेत. हर्षल, तुमच्याकडचं नेट गंडलंय का?

हर्षल : हो ना ताई. सकाळपासून असंच चाललंय.

सुमनबाई : दीपक, तू तरी ऐक रे... दीपक कुठं गेला? आत्ता होता ना ह्या चौकोनात?

हर्षल : त्याचंही नेट गेलं असेल.

सुमनबाई : आवाज नाय तर नाय. हे हात बघ, प्रतिभा. अजून निळे हायेत. दिसतात का?

प्रतिभा : आता चित्र पण अडकलं बहुतेक. हर्षल, आपण डायरेक्ट केकच घेऊया का? पोरांना क्लासला सोडायचंय मला.

हर्षल : चल आई. ही घे सुरी. मधोमध काप.

सुमनबाई : हर्षल, वाक जरा. कानात सांगते. ह्यात अंडं नाय ना रे? आज गुरुवार हाय माझा.

प्रतिभा : नाहीये गं आई, बिनअंड्याचाच आहे. मी स्वतः सांगितलं होतं बेकरीवाल्याला. तुझा गुरुवार मी कशी विसरेन?

सुमनबाई : मी तर हळू बोलले होते गं.

प्रतिभा : आई, इकडे बघ. हस जरा, फोटो काढते.