आयशाबीचा जुना फ्रिज

नियाज : जिंदगीभर लोकाईचे फ्रिज थंडे करून देल्ले, उत्तमराव. आज पयल्यांदा गरम करून राहिलो.

उत्तमराव : टिकन ना पन गरमी यात?

नियाज : जे भिंत थंडी बाहेर जाऊ देत नाई, थे गरमीबी जाऊ देत नाई. मशीन काढून घेतली, दरवाज्याले नवीन रबर लावलं. खाली साठचा बल्ब, वर जाळी. हा थर्मोस्टॅट अंडे उबवायच्या पेटीतला हाय. चाळीसवर गेलं का बल्ब आपोआप बंद. बत्ती गेली तरी चार घंटे फिकर नाई.

उत्तमराव : आमच्या गावात बारा घंटे जाते.

नियाज : मंग दोनच्या जागी चार दिवस लागतीन. पन एवढा खटाटोप काहून? पातेल्यात घालून चुलीवर ठेवला असता, तं तासाभरात मध पातळ.

उत्तमराव : शकुननं कधी इस्तवावर चढू देल्ला नाई. म्हने, उकळला का त्याचा वासच मरते. तिच्या मांगं मीच चढवू का?

नियाज : नाई भाऊ. चुकलं माझं.

उत्तमराव : पंधरा दिवसानं घरवालीचं वर्षश्राद्ध हाय. जेवन नाई घालत मी. हे दोन डबे वितळले का, ज्या ज्या घरी थे मध देत होती, त्या घरी एकेक बाटली नेऊन देतो. धरा म्हनतो उन्हात. दाखवा, साखर कुठं हाय.

नियाज : अजून थेच घेऊन बसले तुमी?

उत्तमराव : इथंच, धामनगावच्या बाजारात, चारचौघीत एक बाई बोलली तिले. ‘काय वं शकुन, मध म्हनून साखरेचा पाक इकतं का? बाटलीत खडा झाला पाय.’ घरी आली, टोपली कोपऱ्यात ठेवली, थे पुन्हा उचललीच नाई. कोन बोललं, थे तिनं मरेपर्यंत सांगलं नाई मले.

नियाज : आन् मधमाश्याईच्या पेट्या?

उत्तमराव : कपाशीवर फवारे सुरू झाले, तशा बाराच्या बारा रिकाम्या. सकाळी पाहावं तं पेटीपुढं माश्याईचा सडा. शकुन रोज झाडनीनं गोळा करे आन् लिंबाखाली नेऊन पुरे. मानसावानी. त्यातच ताप धरला. हे दोन डबे शेवटचे, नियाजभाई.

नियाज : मंग हे फ्रिजची पेटी पुढं कोन्या कामाची?

उत्तमराव : कोन्याच नाई.

आयशाबी : चाय घ्या, भाऊ.

उत्तमराव : भाभी, तुमचा फ्रिज मोडून टाकला आमी.

आयशाबी : मोडकाच होता. मिस्तऱ्याच्या घरचा फ्रिज, त्यात कधी धड बरफ नाई जमला.

नियाज : घ्या. ऐका आता.

आयशाबी : भाऊ, मी आतून ऐकून राहिली होती. मधाचा खडा होते थे साखरेनंच ना?

उत्तमराव : थंडीनं होते, भाभी. चांगला मध थंडीत बसतेच. सरसोचा तं लय लवकर.

आयशाबी : आन् फ्रिजमंदी ठेवला तं?

उत्तमराव : बसनच. त्यात असा, अर्धामुर्धा थंडा करनारा फ्रिज असला तं आठ-पंधरा दिवसात दगड. काहून?

नियाज : आयशा, चाय सांडून राहिली तुयी.

आयशाबी : याच दरवाज्यात होती. अंड्याच्या खालच्या कप्प्यात. मुंग्या लागतीन म्हनून ठेवली होती मी.

नियाज : काय ठेवली होती?

आयशाबी : शकुनची बाटली. बाजारात थे बोलनारी बाई मीच होती, भाऊ.

(जवळच्या स्टेशनातून मालगाडी धडधडत जाते.)

आयशाबी : अल्ला कसम, मनात कपट नव्हतं. हासत हासत बोलली मी. बाजूच्या दोघी हासल्या. शकुन पन हासली. मले वाटलं, गंमतच झाली.

उत्तमराव : घरी आली तवा नाई हासली.

आयशाबी : काल फ्रिज खाली करतानी सापडली. फेकाले हात नाई गेला. हे पाहा. अर्धी हाय अजून.

उत्तमराव : अक्षर तिचंच हाय चिठ्ठीवर. बचत गटात शिकली होती लिवाले.

आयशाबी : तुमी घरोघर जासान तवा मी येते संगं. त्या दोघीच्या घरी पयले. माझ्या तोंडानं सांगते का चूक माझी होती.

उत्तमराव : सांगजा. पन ज्या बाईनं ऐकाले पायजे होतं...

नियाज : बसा, उत्तमराव. पानी प्या.

उत्तमराव : नाई, बरा हाय मी. थे बाटली, भाभी...

आयशाबी : वापस नेता?

उत्तमराव : तुमची हाय थे. आत जाळीवर ठेवा. झाकन जरा ढिल्लं करा.

आयशाबी : इतक्या दिवसाचा हाय. वितळन?

उत्तमराव : वितळन. टाइम लागन.

आयशाबी : भाऊ, मी...

उत्तमराव : दरवाजा लावा, भाभी. गरमी जाऊन राहिली.