काकांनी स्टॉकहोमहून आणलेली समता

प्रवासाने माणूस बदलतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथे आखातातल्या फिंतासच्या आमच्या कुलकर्णीकाकांना भेटावं. स्टॉकहोम फिरून आल्यावर त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं, सोबत तिकडचे दालचिनीचे बन.

“तिथे कॉफीला साहेब आणि झाडूवाला एकाच टेबलावर बसतात. याला म्हणतात संस्कृती,” काका सांगत होते.

तेवढ्यात बेडरूमचा एसी दुरुस्त करून रत्नागिरीचे राघूदादा बाहेर आले. काकूंनी त्यांचा चहा कागदी कपात थेट दाराशी नेला. मी शेजारची खुर्ची ओढली.

“दादा, इथे बसा ना.”

“नको ताई, कपडे मळलेत,” म्हणत ते काकांकडे बघत राहिले.

काकांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात समजावलं, “अगं, तिथला झाडूवाला गोरा असतो.”