मॅडमनी बसवलेली पंगत

मॅडमच्या घरची मंडळी, कॉलेजचे डॉक्टर लोक, पोरापोरींनो. मी आंबागडचा श्रावण, चौथी शिकलेला. मॅडमच्या शोकसभेत इतक्या लोकांसमोर बोलायची ही माझी पहिलीच वेळ. त्यात माझं तोंड दोनच बोटं उघडतं. शब्द अडकला तर सांभाळून घ्या.

तंबाखूच्या खर्र्यानं माझ्या गालात कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, आजार गेला. भीती गेली नाही. गालात जरा टोचलं की मी माझ्या डॉक्टर सुलभा मॅडमना फोन लावायचो.

‘मॅडम, टोचून राहिलं जी.’

‘काल ठेचा खाल्ला का?’

‘थोडासाच.’

‘मग ठेचाच टोचून राहिला, काका.’

तरी बोलवायच्या. तरी बॅटरी मारून बघायच्या.

एकदा त्या शिकणाऱ्या पोरांना घेऊन माझ्या अंगणात आल्या. पोरांनी विचारलं, गाठ आहे का, वजन घटलं का? मी म्हटलं, सब ठीक हाय. पोरं उठायला लागली. मॅडम म्हणाल्या, ‘बसा. काका, मागच्या लग्नात जेवलात का?’ आणि गप्प बसल्या. बसूनच राहिल्या. शेवटी मीच बोललो. ऑपरेशनपासून मी पंगतीत बसलोच नव्हतो. घास सांडतो, लोक बघतात. लग्नाला जायचो, आहेर द्यायचो, भूक नाही सांगून घरी यायचो.

मॅडमनी काय करावं? पुढच्या खेपेला माझ्याच अंगणात पंगत बसवली. भात, वरण, वांग्याची भाजी. पोरांना सांगितलं, दोन बोटांपेक्षा जास्त तोंड उघडायचं नाही. मंडळी, ते बघायला हवं होतं. शर्टावर वरण, हनुवटीवर भात. माझी बायको वाढता वाढता म्हणाली, ‘काहून जी डॉक्टर, लेकरू बी एवढं नाही सांडवत.’ सगळ्यात मोठा डाग मॅडमच्याच साडीवर. हसता हसता मी पोटभर जेवलो.

जाताना त्या पोरांना म्हणाल्या, ‘आजार गेला की माणूस घरी जातो. आपण तिथपर्यंत जायचं. विचारायचं, आणि मग गप्प बसायचं.’

त्यानंतर मी एकही पंगत सोडली नाही.

मॅडम गेल्याचं कळलं, तेव्हापासून गालात टोचतंय. ठेचा खाल्ला नाही, देवाशपथ. पण फोन कोणाला लावू? घरीही बोललो नाही.

आज इथं दारात प्रणाली भेटली, त्याच पंगतीत जेवलेल्या पोरांपैकी. ‘काका, कसे आहात?’ मी म्हटलं, ‘ठीक हाय.’ ती हलली नाही. मागून लोक सरकत होते, तरी गप्प उभी राहिली. मग मी तोंड उघडलं. तिनं मोबाईलची बॅटरी लावून तिथंच बघितलं. ‘दाताची कड लागून राहिली वाटते, काका. पण उद्या ओपीडीत नीट बघू. मी दारातच उभी राहते.’

भीती अजून आहे, खोटं कशाला सांगू? पण आता फोन लावायला माणूस आहे.

मॅडम, तुमची पोरं शिकली.

मंडळी, उभे राहा. मॅडम बसायच्या तसं थोडा वेळ गप्प राहू. कोणी घाई करू नका.