अव्वल माती

...नाही नाही, मला सांगा, पहिला नंबर आला म्हणून नापास झालेलं कुणी पाहिलंय का तुम्ही? माझी जमीन झाली! आणि निस्तरतोय कोण? मी!

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं आम्ही नवराबायको थोरल्या भावाच्या मागच्या खोलीत राहतोय. एक खोली, एक खिडकी आणि त्या खिडकीत वहिनी! आम्ही कुजबुजलो तरी पलीकडून उत्तर येतं! शेवटी बायको म्हणाली, "मला माझं दार हवंय हो. माझ्या हातानं लावायचं, माझ्या हातानं उघडायचं." म्हटलं, आपल्या रानात दोन खोल्या बांधू. रान कसलं, नुसता मुरूम! पहार मारली तर पहार वाकते, कुसळ उगवत नाही. घराला याहून चांगली जागा कोणती? गेलो कचेरीत. कारकून मान वर न करता म्हणतो, "शेती विभागात येतं. मातीचा नमुना तपासून आणा." का, कशासाठी, काही नाही. नमुना आणा!

आता परीक्षा म्हटली की आपण काय करतो? भांग पाडतो, धुतलेला सदरा घालतो. आणि मी तिथं मुरूम नेऊ? चारचौघांत अब्रू घालवू? भावाच्या परसात बायकोचा भाजीचा वाफा आहे, दहा वर्षं शेणखत खाऊन लोण्यासारखा झालेला. उपसली तिथली माती! वर पिठाच्या चाळणीनं चाळली! बायको ओरडतेय, "अहो, माझी चाळण!" म्हटलं, गप्प बस, घराचा प्रश्न आहे!

निकाल आला. अव्वल! छाती काढून कचेरीत गेलो, तर साहेब चष्मा काढून म्हणतात, "वा! माती अव्वल आहे हो तुमची! असल्या जमिनीवर घर? छे! नापीक असती तर आजच परवानगी दिली असती."

नापीक असती तर!... मग हे आधी सांगायला काय जीभ झडली होती? म्हटलं, "साहेब, नापीकच आहे! चला दाखवतो, गाढवसुद्धा तिकडे फिरकत नाही!" साहेब थंडपणे म्हणतात, "मग ही माती कुठली?" झालं! खरं सांगावं तर खोट्या नमुन्याचा गुन्हा, आणि खोटं सांगावं तर घर गेलं! म्हणालो, "आमचीच."

"मग अव्वल आहे हो तुमची!"

आणि ही बातमी माझ्याआधी घरी! वहिनी खिडकीतून, "भावोजी, माती अव्वल म्हणे तुमची! यंदा काय पेरताय?" आणि थोरला? ज्यानं वाटणीत हा मुरूम माझ्या गळ्यात मारला, तो डोळे वटारून म्हणतो, "चांगलं रान गुपचूप तू लाटलंस होय रे? पुन्हा वाटणी करू!" अहो, कर ना! आत्ता कर! घे तो मुरूम!

शेवटी कचेरीबाहेर घरांचे नकाशे काढून देणारा एकजण म्हणाला, "काका, अव्वल जमिनीत घर चालत नाही, गोठा चालतो. गोठ्याचा अर्ज करा. भिंती उंच घ्या, मोरी काढा, दार बसवा. आत कोण राहतंय हे बघायला कोण येतंय?"

आणला अर्ज. भरायला बसलो. रकाना आला, 'गोठ्यात राहणारी जनावरे किती?' निमूटपणे लिहिलं, दोन. बायकोनं वाचलं. माझ्याकडे बघितलं. माझ्याच हातातलं पेन घेऊन तिनं दोन खोडलं, एक केलं आणि माहेरची पिशवी भरायला घेतली.

खाली छापलेलं होतं, 'वरील माहिती खरी आहे.'

...केली सही.